मारेगाव परिसरातील बहुभाषिक मतदार आणि उमेदवाराची भाषा

निवडणुकांच्या इतिहासाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा पक्ष आणि जात ह्या दोन अंगांनी झाला आहे. भाषा हे त्याचे तिसरे अंग होय. परंतु महाराष्ट्रापुरते ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीबरोबर विचारात घेतले जाते, आणि १ मे १९६० नंतर हा प्रश्न सीमाभाग सोडता निकालात निघाला असे सामान्यतः गृहीत धरले जाते. राज्याची भाषा मराठी, मतदार मराठी, उमेदवार मराठी. तेव्हा कोणी कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्नच उरत नाही, अशी ही समजूत आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील मारेगाव तालुक्याचा इतिहास पाहिला असता ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते.

वणी व करंजी ह्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर वसलेले मारेगाव पूर्वी वणी तालुक्यात मोडत असे. भोवतालचा मुलूख कापसाचा. पूर्वेकडे वर्धा नदी, दक्षिणेकडे झरी-जामणीच्या पलीकडे पैनगंगा आणि तिच्या पार आदिलाबाद. ह्या टापूत वऱ्हाडी मराठी ही बाजाराची, शाळेची व कचेरीची भाषा आहे. परंतु गोंडांच्या वस्तीत गोंडी, कोलामांच्या पोडात कोलामी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी आणि वणीच्या कोळसा खाणींच्या आसपास हिंदी व तेलुगू अशी भाषांची गर्दी येथे आहे. आडनावाच्या शेवटी येणारा ‘-वार’ हा प्रत्यय ह्या भागात पदोपदी आढळतो. तो तेलुगूतील आदरार्थी ‘-वारु’चा अवशेष मानला जातो. मात्र हे आडनाव धारण करणाऱ्या पुष्कळांच्या घरी आता केवळ मराठीच बोलली जाते, आणि आडनावावरून भाषा ताडणारा प्रचारक येथे फसतो.

ह्या भाषासमूहात आणखी एक गोष्ट अभ्यासकांना परिचित असली तरी प्रचारकांच्या गावीही नसते. गोंडी व कोलामी ह्या दोन्ही द्राविडी भाषा असल्या तरी त्या एकमेकींच्या बोली नव्हेत. गोंडी ही दक्षिण-मध्य शाखेतील असून तेलुगूला त्यातल्या त्यात जवळची. कोलामी ही मध्य द्राविडी शाखेतील, नायकी व परजी ह्यांची सजातीय. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात कोलामीची नोंद आहे, आणि एमेनो ह्यांचे कोलामीचे सविस्तर व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध झाले. शेजारी राहणारे गोंड व कोलाम एकमेकांशी मराठीत बोलतात, हे त्यावरून समजून येते. गोरमाटीचा वंश तर सर्वस्वी वेगळा. ती राजस्थानी बोलींच्या कुळातील आर्य भाषा आहे. शिवाय ‘आदिवासी’ म्हणजे अन्यभाषक असेही समीकरण मांडता येत नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आंध जमातीची भाषा मराठीच आहे. तेव्हा ‘आदिवासी भाषेत प्रचार’ असे जे शब्द निवडणुकीच्या दिवसांत ऐकू येतात त्यांना भाषाशास्त्रीय अर्थ काहीच नाही.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्पॅनिश भाषेशी नाते सांगणाऱ्या मतदारांना ‘हिस्पॅनिक’ ह्या एका नावाखाली आणण्याचा उद्योग १९७० च्या जनगणनेतील नमुना-प्रश्नापासून सुरू झाला आणि १९८० मध्ये तो प्रश्न सर्वांना विचारला गेला. त्याआधीच १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत केनेडी ह्यांच्या पक्षाने ‘व्हिवा केनेडी’ मंडळे काढली होती आणि श्रीमती जॅकलिन केनेडी ह्यांनी दूरचित्रवाणीवरून स्पॅनिशमध्ये आवाहन केले होते. परंतु टेक्सासमधील मेक्सिकन, फ्लोरिडातील क्यूबन आणि न्यूयॉर्कमधील पोर्तोरिकन ह्यांची भाषा एक असली तरी त्यांची गाऱ्हाणी एक नव्हती. टेक्सासच्या सीमेवरील स्टार परगण्यात बहुतेक सर्व वस्ती ह्याच समूहाची. शंभराहून अधिक वर्षे डेमोक्रॅटिक पक्षाकडे असलेला हा परगणा २०२४ मध्ये दुसऱ्या पक्षाकडे गेला. भाषेने मतदारापर्यंत पोहोचता येते. तेथे पोहोचल्यावर काय बोलावे ते भाषा सांगत नाही. मारेगावचा अनुभव ह्याहून फारसा वेगळा नाही, फक्त येथे भाषाही एक नाही.

इतिहासाचा धागा धरायचा तर थोडे मागे जावे लागते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. त्यांनी आखलेल्या ह्या जिल्ह्याचे नाव पूर्वी वणीवरूनच पडले होते. ‘यवतमाळ’ हे नाव १९०५ सालचे. राज्यकारभार मराठीतून चाले. जंगलाचा कायदाही मराठीतूनच गोंड-कोलामांच्या कानी पडे, आणि तो बहुधा जंगलखात्याच्या शिपायाच्या तोंडून. पोडातला माणूस आणि सरकार ह्यांच्यामध्ये दुभाष्या उभा राहिला तो ह्या काळात. दुकानदार, ठेकेदार, पाटील, शिपाई ह्यांपैकी ज्याला दोन वाक्ये कोलामीची येत तो पोडाचा प्रवक्ता बनला. पुढे मतदानाचा अधिकार आल्यावर हीच व्यक्ती पोडाच्या मतांचीही प्रवक्ती झाली.

ह्या पार्श्वभूमीवर १९३० च्या जंगल सत्याग्रहाकडे नव्या दृष्टीने पाहता येते. लोकनायक माधव श्रीहरी अणे हे मूळचे वणीचे; त्यांचा जन्म तेथे १८८० मध्ये झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचा कायदा मोडण्याचे अप्रूप येथे नव्हते. अणे ह्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. त्याची राजकीय मीमांसा अनेकांनी केली आहे. परंतु त्यात एक संपर्काचे सूत्रही होते. विळा घेऊन गवत कापणे ही कृती कोणत्याही भाषेत उलथून सांगावी लागत नव्हती. जंगलाच्या कायद्याने ज्याची गुरे कोंडवाड्यात गेली त्याला तिचा अर्थ गोंडीतही कळत होता आणि गोरमाटीतही. संस्कृतप्रचुर मराठी वक्तृत्वासाठी विख्यात असलेल्या पुढाऱ्याची बहुभाषिक मुलखातील सर्वांत परिणामकारक कृती शब्दांवाचूनची ठरावी, ह्यात काही योगायोग नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत येथील मतदाराने तीन वेगवेगळ्या राज्यांसाठी मत दिले : १९५२ मध्ये जुन्या मध्य प्रदेशासाठी, १९५७ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यासाठी आणि १९६२ मध्ये महाराष्ट्रासाठी. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, हे ध्यानात घेतले तर चौथ्या राज्याचीही शक्यता होती. हे सर्व भाषावार प्रांतरचनेच्या नावाने चालले असताना ज्यांची भाषा कोणत्याच प्रांताची नव्हती त्यांना त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. पोडातील मतदाराच्या दृष्टीने १९५२ मधील खरा बदल निराळाच होता. निरक्षर मतदारांची बहुसंख्या लक्षात घेऊन निवडणूक आयोगाने प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावले. मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. वाचावयाचे काही नाही. १९५७ मध्येही हीच पद्धत होती. १९६२ पासून एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत सर्वसाधारण झाली. बैलजोडी किंवा झोपडी ही चिन्हे ओळखण्यास मराठी यावी लागत नसे. चिन्हांच्या ह्या योजनेने दुभाष्याची गरज मतदान केंद्राच्या आत संपवली. केंद्राच्या बाहेर मात्र ती कायम राहिली.

ह्याच काळात जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पुसद तालुक्यात, दुसऱ्या प्रकारचे राजकारण आकारास येत होते. गहुली येथे १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक १९५२ मध्ये पुसदहून विधानसभेवर गेले आणि डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ एवढा दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. ज्यांच्या घराची बोली राज्याच्या राजभाषेहून वेगळी होती अशा समाजातून आलेला हा मुख्यमंत्री. त्यांचे यश ‘तांड्याच्या गठ्ठा मतां’नी समजावून सांगण्याचा मोह होतो, पण तो टाळावा हे बरे. एका तांड्याच्या किंवा एका तालुक्यातील सर्व तांड्यांच्या मतांवर कोणी अकरा वर्षे राज्य चालवीत नाही. नाईकांचा विषय शेतीचा होता : संकरित बियाणे, पाणी, कापसाचा भाव. हा विषय कुणब्याच्या वाड्यात आणि बंजाऱ्याच्या तांड्यावर सारखाच लागू पडत होता. तांड्यावर गोरमाटीतून आणि सभेत मराठीतून बोलू शकणाऱ्या माणसाला दुभाष्या लागत नाही. तांड्याचे नायक आणि कारभारी हे त्यांचे आप्त होते, मक्तेदार नव्हते. पुढे १९९१ ते १९९३ ह्या काळात सुधाकरराव नाईकही मुख्यमंत्री झाले. कोलाम किंवा गोंड समाजाला मात्र असे दोन्ही भाषांत वावरणारे आणि राज्याच्या शिखरावर बसणारे नेतृत्व लाभले नाही. आदिवासींसाठी राखीव असलेल्या मतदारसंघांतून मंत्री झाले, परंतु ती गोष्ट निराळी.

ह्या राखीव जागांचा मुद्दा मारेगावच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. वणी विधानसभा मतदारसंघात वणी, मारेगाव आणि झरी-जामणी हे तीन तालुके येतात आणि हा मतदारसंघ सर्वसाधारण आहे. शेजारचे राळेगाव व आर्णी हे अनुसूचित जमातींसाठी राखीव. म्हणजे राळेगावात आदिवासी उमेदवाराला बिगर-आदिवासी मतदारांची मनधरणी करावी लागते; मारेगावात ह्याच्या उलट. राखीव मतदारसंघात उमेदवार मराठीच बोलतो, कारण त्याला बहुसंख्यांना पटवावयाचे असते. सर्वसाधारण मतदारसंघात उमेदवार ‘जय सेवा’ म्हणतो, ‘जय सेवालाल’ म्हणतो, कारण त्याला अल्पसंख्यांची मते हवी असतात. परिणाम असा की ज्याला गोंडी खरोखर येते त्याला ती व्यासपीठावर वापरण्याचे कारण नसते, आणि ज्याला कारण असते त्याला ती अभिवादनापलीकडे येत नाही.

अभिवादनापलीकडची भाषा म्हणजे काय ह्याचा विचार येथे अस्थानी होणार नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणाऱ्याला वगळून केलेले अनेकवचन ‘आम्ही’, त्याला सामावून घेणारे ‘आपण’. हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या सहवासाने रुजला असे अनेक अभ्यासक मानतात. पोडावरच्या भाषणात ‘आम्ही तुम्हांला रस्ता देऊ’ हे वाक्य जितक्या सहजतेने येते तितक्या सहजतेने ‘आपण रस्ता करून घेऊ’ हे येत नाही. ऐकणारा मराठी दुय्यम भाषा म्हणून बोलत असला तरी हा फरक त्याला मराठी मातृभाषा असलेल्याइतकाच कळतो. दुसरी गोष्ट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ ह्यांची. वऱ्हाडीत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ म्हणण्याची रीत घरोघर आहे आणि त्यात अनादर नाही. परंतु कचेरीतील कारकुनाने साठ वर्षांच्या कोलामाला म्हटलेले ‘तू’ वेगळे आणि पुतण्याने काकाला म्हटलेले वेगळे. निवडणुकीपूर्वीच्या पंधरवड्यात पोडात ‘तुम्ही’ ऐकू येऊ लागते. दोन कोलामी शब्द पाठ करण्यापेक्षा हे ‘तुम्ही’ वर्षभर टिकवणे अधिक अवघड काम आहे, आणि तेथील मतदार त्यावरूनच परीक्षा करतो असे मानण्यास जागा आहे.

कायद्याने ह्या सर्व व्यवहाराला काय मर्यादा घातल्या आहेत ते पाहणेही आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ ह्याच्या कलम १२३ मध्ये १९६१ साली जी सुधारणा झाली तिने धर्म, वंश, जात, समाज ह्यांच्याबरोबर भाषेच्या आधारावर मत मागणे हेही भ्रष्ट आचरण ठरले. पुढच्याच, १९६२ च्या, निवडणुकीतून एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. झज्जर मतदारसंघातील जगदेवसिंग सिद्धांती ह्यांच्या प्रकरणात न्यायालयाने १९६४ मध्ये असा निर्णय दिला की, आपली भाषा जतन करण्याचा जो हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने नागरिकांना दिला आहे त्यात तिच्यासाठी राजकीय चळवळ करण्याचा हक्कही येतो. मग ‘माझी भाषा अमुक म्हणून मला मत द्या’ हे निषिद्ध, परंतु ‘अमुक भाषेसाठी मी झगडेन’ हे विहित. १९९० च्या सांताक्रूझ येथील निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ह्या कलमाचा अर्थ अधिक व्यापक केला : कलमातील ‘त्याच्या’ ह्या शब्दात उमेदवार आणि त्याचा प्रतिस्पर्धी ह्यांच्याबरोबर मतदारही येतो. म्हणजे मतदाराच्या भाषेचा हवाला देऊन मत मागणेही आता निषिद्ध. अल्पमतातील तीन न्यायाधीशांचे म्हणणे असे की, समाजाने सोसलेल्या अन्यायाची चर्चा ह्यामुळे निवडणुकीबाहेर ढकलली जाईल. एका सर्वनामाच्या अर्थावर सात न्यायाधीश असे विभागले जावेत, ही भाषेच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात ठेवावी अशी घटना आहे.

हे कलम मारेगावला कितपत लागू पडते? कोलामीत भाषण करणे हा गुन्हा नाही. भाषा तेथे साधन आहे, आधार नव्हे. पोडातील पहिलीच्या मुलांना कोलामी येणारा शिक्षक मिळवून देण्याचे आश्वासन देणे हाही, सिद्धांती प्रकरणातील तत्त्व धरले तर, गुन्हा नाही. परंतु पुष्कळ उमेदवार हे धोक्याचे वाटते म्हणून की सोयीचे वाटते म्हणून, शाळेच्या भाषेबद्दल बोलणेच टाळतात आणि अभिवादनावर भागवतात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडी, कोलामी वा गोरमाटी ह्यांपैकी एकही भाषा नाही. बोडो व संथाळी ह्यांचा समावेश २००३ च्या घटनादुरुस्तीने झाला, तो त्यांच्यामागे संघटित राजकीय बळ होते म्हणून. गोंडीच्या बाबतीत लिपीचाही प्रश्न आहे. पैनगंगेच्या अलीकडे ती देवनागरीत लिहिली जाते, पलीकडे तेलुगू लिपीत. तीच भाषा बोलणाऱ्या दोन काठांवरच्या मतदारांना एकच पत्रक वाचता येत नाही. अमेरिकेत १९७५ च्या दुरुस्तीने ठरावीक प्रमाणाहून अधिक भाषिक अल्पसंख्य असलेल्या परगण्यांत मतपत्रिका त्यांच्या भाषेतही छापणे बंधनकारक झाले. असा नियम येथे पोडापर्यंत आलेला नाही.

ह्याहून तीव्र प्रश्न याद्यांचा आहे. विदर्भातील गोंड, कोलाम इत्यादींना अनुसूचित जमातीचा दर्जा आरंभी सर्वत्र नव्हता. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तालुक्यांपुरता तो मर्यादित होता. म्हणजे वणी तालुक्यात, अर्थात तेव्हाच्या मारेगावात, राहणारा गोंड अनुसूचित. पुसद तालुक्यात राहणारा त्याचाच मावसभाऊ मात्र नव्हे. १९७६ च्या अधिनियमाने ही क्षेत्रमर्यादा उठवली आणि त्याचा अंमल १९७७ मध्ये झाला. पुढे १९८५ च्या आदेशाने मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी ह्या तालुक्यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आली आणि १९९६ च्या कायद्याने तेथील ग्रामसभांना विशेष अधिकार मिळाले. बंजारा समाजाची स्थिती अशी की, तो तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जाती आणि महाराष्ट्रात विमुक्त जाती आहे. एकच बोली, तीन याद्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा समाजाविषयी शासननिर्णय निघाल्यानंतर त्याच गॅझेटियरच्या आधारे बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी जोराने मांडली, आणि आदिवासी संघटनांनी तिला तितक्याच जोराने विरोध केला. वऱ्हाड १८५३ पासून निजामाच्या प्रत्यक्ष कारभारात नव्हता. त्यामुळे मराठवाड्याच्या नोंदींवर उभारलेला हा युक्तिवाद यवतमाळला तितक्याच सरळपणे लागू पडतो की नाही हा इतिहासाच्या अभ्यासकापुढील वेगळा प्रश्न आहे. उमेदवारापुढील प्रश्न साधा आणि कठीण आहे. तांड्यावर ज्या आश्वासनाला टाळ्या पडतात तेच आश्वासन दोन कोसांवरच्या पोडात आपल्या ताटातला घास काढून घेणारे ठरते. दोन्हीकडे दोन भाषांत दोन गोष्टी सांगण्याची सोय पूर्वी होती. पोडातील आणि तांड्यावरील मुले एकाच आश्रमशाळेत किंवा महाविद्यालयात मराठी शिकून एकमेकांना ओळखू लागल्यापासून आणि भाषणाचे ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशात आल्यापासून ती उरली नाही.

उमेदवाराचे कार्यकर्ते ह्या समूहांची मोजदाद ज्या आकड्यांवरून करतात त्यांचीही चिकित्सा व्हावयास हवी. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक सुमारे ३० लाख आणि कोलामी भाषक सुमारे १ लाख २८ हजार नोंदले गेले. हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत. कोलाम जमातीची संख्या कोलामी भाषकांच्या संख्येहून बरीच मोठी आहे, म्हणजे जमातीच्या रकान्यात कोलाम लिहिणाऱ्या पुष्कळांनी मातृभाषेच्या रकान्यात दुसरी भाषा लिहिली किंवा त्यांच्या वतीने ती लिहिली गेली. गोरमाटीची गोष्ट तर त्याहून विलक्षण. जनगणनेत ‘लमाणी/लंबाडी’ म्हणून नोंदलेले सुमारे ३३ लाख भाषक हिंदी ह्या शीर्षकाखाली जमा केले जातात. त्यामुळे महाराष्ट्रातील हिंदी भाषकांच्या आकड्यात तांड्यांवरील लोकही बसलेले असतात, आणि तो आकडा पाहून ‘हिंदी भाषक मतदारांसाठी’ प्रचारसाहित्य छापणारा पक्ष ते अशा घरी पाठवतो जेथे हिंदी केवळ चित्रपटापुरती येते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरवण्यात आला असून तीत जातीचीही नोंद व्हावयाची आहे. मातृभाषेच्या रकान्यात पोडातील घराविषयी काय लिहिले जाईल हे पुष्कळसे प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जाईल ह्यावर अवलंबून राहील.